हौस माझी, किल्ली तिची

मोटरहोमचं वेड माझं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आज आमच्या ओळखीत कुणालाही विचारलं तर ते सांगतील, गाडी तिची आहे, आणि हा तिच्याबरोबर जातो.

आम्ही वॉलॉंगॉंगला राहतो. घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. रविवारी सकाळी मी फिरायला जातो तेव्हा बीचच्या कारपार्कमध्ये एखादी तरी जुनी मोटरहोम उभी असते. दार उघडं, दाराशी रबरी चपला, आतून भाजलेल्या ब्रेडचा वास, आणि पायरीवर बसून चहा पिणारं साठी उलटलेलं जोडपं. मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. त्यांच्या पैशांचा नाही, गाड्या तर बहुतेक खटाराच असायच्या. सोमवार उजाडणार याची त्यांच्या चेहऱ्यावर कुठे खूण नसायची, त्याचा.

मी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, आयटीमध्ये काम करतो. दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड आणि न चालणारे प्रोजेक्टर. संध्याकाळी घरी येऊन मी मोटरहोमचे व्हिडिओ बघायचो. दोन-तीन वर्षं हाच उद्योग. जुन्या गाडीचं छत कुठून गळतं, भिंत आतून कुजली आहे का हे अंगठ्याने दाबून कसं बघायचं, चेसिसला खालून गंज किती चालतो आणि किती नाही, हे सगळं मला तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात एकाही मोटरहोमच्या आत मी पाय ठेवलेला नव्हता.

बायकोला यात काडीचा रस नव्हता. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडाभर लोकांना पलंगावरून उठवून चालवते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिला स्वतःला उठायचं नसतं. "म्हणजे सुट्टीत पण चादरी घालायच्या आणि भांडी घासायची, फक्त हलणाऱ्या घरात," ती म्हणायची. "त्यापेक्षा आपलं न हलणारं घर काय वाईट आहे?"

तरी एका रविवारी ती आली. नाउराच्या पुढे, आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, एक तीस वर्षांची मोटरहोम विकायला होती. नवी गाडी आम्हाला झेपणारी नव्हती, आणि पहिली गाडी जुनीच घ्यावी असं माझं अभ्यासपूर्ण मत होतं. तेरा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसली होती. तिथे पोचल्यावर तिने काचेतून एकदा बघितलं आणि म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक अ फ्रिज."

दिसत होतीच तशी. क्रीम रंग, कडेने तपकिरी पट्टे, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेलं मोठं कपाळ, ज्याच्या आत झोपायचा बिछाना असतो. पण मला ती पाहताक्षणी आवडली.

मालकीणबाई सत्तरी पार केलेल्या, उंच, पांढरे केस बारीक कापलेले. उजवा हात झोळीत होता. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि आता ते मोठं स्टीअरिंग त्यांना पुन्हा कधी वळवता येणार नव्हतं, म्हणून गाडी विकायला काढली होती. व्हरांड्यात त्यांचे यजमान खुर्चीत बसून रेडिओवर क्रिकेट ऐकत होते. ते हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायचे असं कळल्यावर मी मनातल्या मनात त्यांना सर म्हणू लागलो, आणि त्या आपोआप बाई झाल्या. माझी बायको मात्र दोघांना पहिल्या पाच मिनिटांतच इथल्या रीतीने नावाने हाक मारायला लागली.

मी कामाला लागलो. गुडघे टेकून गाडीखाली बॅटरी मारली. आत जाऊन कपाटं उघडून वास घेतला. भिंती अंगठ्याने दाबत दाबत पुढून मागे गेलो. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय डॉक्टर, पेशंट जगेल का?"

माझी बायको हसली. नुसती नाही, खदखदून हसली. ते हसू मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्या एकाही विनोदावर आलेलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं.

मग चालवून बघायची वेळ आली. मी पुढे बसलो, बाई शेजारी, बायको आणि मुलगी मागे. गाडी मॅन्युअल होती. पुण्यात मी मॅन्युअलच चालवायचो, पण त्याला आता अठरा वर्षं झाली होती आणि इथे आल्यापासून मी ऑटोमॅटिकशिवाय काही चालवलेलं नव्हतं. त्यांच्या घरासमोरच्या चढावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी निघाली, पण दुसरा गिअर टाकताना तिने असा आवाज काढला की व्हरांड्यातल्या सरांनी रेडिओ बारीक केला.

"तिला ढकललेलं आवडत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "थांब जरा. ती स्वतःच सांगते."

ती मला काहीही सांगत नव्हती. कोपऱ्यावरच्या चौकात मी तिसऱ्यांदा अडकलो आणि मागे एक यूट, म्हणजे इथली पिकअप गाडी, हॉर्न वाजवत उभी राहिली. तेव्हा पाठीमागून बायकोचा आवाज आला, "मी बघू का?"

माझी बायको इचलकरंजीची. तिच्या वडिलांचा टेम्पो होता, सुताची बाचकी वाहायचा. भाऊ आळशी, म्हणून कॉलेजात असताना तीच तो टेम्पो घेऊन कारखान्यांवर जायची. लग्नाआधी तिने मला हे सांगितलं होतं. मला ते गोड वाटलं होतं आणि मी ते विसरून गेलो होतो. इथे ती तिची छोटी गाडी घेऊन हॉस्पिटलला जाते, पण आम्ही दोघं बरोबर असलो की मी चालवतो. असं कुणी ठरवलं नव्हतं. तसंच होत आलं होतं.

आम्ही जागा बदलल्या. तिने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, एकदा क्लच पूर्ण दाबून सोडून बघितला, आणि गाडी निघाली. मी मागच्या बाकावरून कान देऊन ऐकत होतो. पहिला, दुसरा, तिसरा. काही आवाज नाही. गिअर बदलला हे फक्त तिच्या खांद्यावरून कळत होतं.

"कुठे शिकलीस तू?" बाईंनी विचारलं.

मग तिने टेम्पोची गोष्ट सांगितली. टेम्पोचा हॉर्न चालायचा नाही, म्हणून गल्लीतून जाताना ती खिडकीतून डोकं काढून मोठमोठ्याने गाणी म्हणायची आणि लोक बाजूला व्हायचे. कारखान्याचे वॉचमन गाणं ऐकूनच फाटक उघडायचे. बाई डॅशबोर्डवर हात आपटून हसत होत्या. मुलीने इअरफोन काढला होता. "मम, नो वे!" ती म्हणाली.

मी इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकलेली नव्हती. आमच्या लग्नातली, माझ्या हक्काची गोष्ट होती ती, आणि तासाभरापूर्वी ओळख झालेल्या परक्या बाईला ती माझ्याआधी मिळाली. परत येताना आमच्या गाडीत मी विचारलं, "गाण्याचं मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली, अगदी साधेपणाने.

निघण्याआधी बाईंनी आपली अट सांगितली होती. "घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण घेतलीत तर किल्ली हिच्या हातात देणार मी." सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

आम्ही घेतली. आणि त्यानंतर जे सुरू झालं त्याला मत्सराशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

शनिवारी सकाळी बायको गाडी घेऊन नाउराला जायला लागली. शिकायला म्हणून. गॅसवर चालणारा फ्रिज कसा पेटवायचा, गाडी तिरकी असली तर तो थंड का होत नाही, छत्रीसारखं उघडणारं कापडी छप्पर वाऱ्यात कसं आवरायचं, टॉयलेटची टाकी कशी रिकामी करायची. संध्याकाळी ती परत यायची ती लिंबांची पिशवी आणि नव्या गोष्टी घेऊन. जेवताना ती मला फ्रिज समजावून सांगायची.

"हो, ते मला माहीत आहे," मी म्हणायचो.

"मग आधी नाही सांगितलंस?"

"वर्षभर सांगत होतो. तू ऐकत नव्हतीस."

"तू व्हिडिओ दाखवत होतास," ती म्हणायची. "सांगत नव्हतास."

आठवड्यात मध्येच बाईंचा फोन यायचा. बायको फोन घेऊन मागच्या अंगणात जायची आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बघायचो. एक हात कमरेवर, मान मागे टाकून हसतेय. आधी त्यात मोटरहोम असायची, मग हळूहळू बाकीचं आलं. वॉर्डातली भांडणं, मुलीचं तोंड वर करून बोलणं, इचलकरंजीत आईचे दुखणारे गुडघे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने खिडकीशी घुटमळायचो. एकदा माझंही नाव ऐकलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं तसं.

माझा म्हणावा असा एकच मित्र होता, युनीपासूनचा. तो गॅस कंपनीच्या नोकरीसाठी डार्विनला गेला आणि मग आमचे फोन सणावारापुरते उरले. त्याला फोन करून मी सगळं सांगितलं, विनोदाच्या सुरात. तो म्हणाला, "अरे, तू गाडी घेतलीस की बायकोला मैत्रीण घेऊन दिलीस?" मी हसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, बरोबर तेच झालंय. हौस माझी, अभ्यास माझा, आणि मिळालं सगळं तिला. गाडी तिचं ऐकते. म्हातारी तिची झाली. मुलगीसुद्धा आता शाळेत आईच्या टेम्पोची गोष्ट सांगते. मला काय मिळालं? ड्राइव्हवेमध्ये उभा असलेला फ्रिज.

मग एका आठवड्यात दोन-तीन दिवस पाऊस झाला. मी कपाळातल्या बिछान्यावर चढून सहज कोपरा दाबला आणि अंगठा आत गेला. भिजलेल्या बिस्किटात जावा तसा. मला वाईट वाटायला हवं होतं. जुन्या मोटरहोममध्ये पाण्याने कुजलेला कोपरा म्हणजे सगळ्यात मोठी भीती. पण मला आनंद झाला. म्हातारीने फसवलं! मी तसाच, अंगठ्याला भुसा लागलेला, घरात गेलो.

"चल, दाखवतो तुला तुझ्या मैत्रिणीने काय विकलंय ते."

बायको इस्त्री करत होती. तिने वर बघितलं, माझा अंगठा बघितला. "डावीकडचा कोपरा ना? त्यांनी मला पहिल्याच दिवशी दाखवला. छपराचा सांधा उघडलाय तिथे. किंमत त्यामुळेच कमी केली त्यांनी. पुढच्या महिन्यात दुरुस्तीला न्यायचीय, वेळ घेऊन ठेवलीय मी."

"मला नाही सांगितलंस?"

"तू सगळ्या भिंती दाबून बघितल्यास त्या दिवशी. मला वाटलं, तुला कळलंच असेल."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही, म्हणूनच फार लागलं. त्या कोपऱ्यावर त्या दिवशी मी दोनदा अंगठा ठेवला असेल.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या सहलीचं ठरलं. एकच रात्र, कांगारू व्हॅलीत नदीकाठी. मुलगी म्हणाली, तिला फ्रिजमध्ये झोपायचं नाही, आणि ती मैत्रिणीकडे राहिली. मला बरंच वाटलं, आम्ही दोघंच जाऊ. तेवढ्यात बायको म्हणाली, "त्या दोघांना पण नेऊ या. त्या कपाळातल्या बिछान्यावर आपण झोपू, खालचा त्यांना."

"त्यांची झाली की वीस वर्षं फिरून."

"एकदा शेवटचं. तू काही म्हणू नकोस ना आता."

नाउरावरून दोघांना घेतलं. बाई सरळ पुढे जाऊन बायकोशेजारी बसल्या, जणू ती जागा ठरलेलीच. मी आणि सर मागे, जेवायच्या टेबलामागच्या बाकावर, पट्टे लावून. दोन पोरं शाळेच्या बसमध्ये बसवावीत तसे.

सरांशी मी तोवर फारसं बोललो नव्हतो. त्यांच्या डोळ्यांचा आजार वाढला होता. नजरेच्या मधोमध काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं थोडं. माणसाशी बोलताना ते त्याच्या कानाकडे बघायचे. गाडी निघाल्यावर ते म्हणाले, "बाहेर काय आहे?"

"झाडं," मी म्हणालो.

"कसली?"

"हिरवी."

ते हसले. "माझ्या वर्गात तुला नापास केला असता."

मग मी नीट बघून सांगायला लागलो. खिडकी माझ्या बाजूला होती. एका गोठ्याचं छप्पर पत्र्याचं आहे आणि त्यावर जुना टायर ठेवलाय. काळ्या गाई सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत. एका फाटकाशी गवत खाणारा घोडा, अंगावर निळी गोणी घातलेला. सर मधूनमधून विचारत होते, "कोट म्हणतात त्याला. जुना आहे का? बकल तुटलंय?" आणि मी मान वळवून बघत होतो, गाडी पुढे गेली तरी.

कँबेवाराचा डोंगर चढून गाडी पलीकडे उतरायला लागली. रस्ता अरुंद, वळणं तीव्र, एका बाजूला दरी. ब्रेक तापल्याचा वास आत आला. पुढे बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, बायकोने मान हलवली, गिअर खाली टाकला, इंजिन गुरगुरलं आणि गाडी आवरली. मागे गाड्यांची रांग लागली होती. जागा मिळताच तिने कडेला घेऊन सगळ्यांना जाऊ दिलं आणि ब्रेक निवेपर्यंत थांबली. घाई नाही, घाबरणं नाही. अशा वेळीही माझ्या मनात काय आलं? हे मला कधी जमलं नसतं.

"तुझा पाय थांबव," सर म्हणाले. "तिथे ब्रेक नाहीये. मी बरीच वर्षं दाबून बघितलाय."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय टेबलाखाली जमिनीत रुतवल्यासारखा दाबलेला होता.

कॅम्पसाइटवर आमची जागा दोन झाडांच्या मध्ये होती आणि गाडी मागे घेऊन लावायची होती. मी उतरलो आणि मागे जाऊन उभा राहिलो. हे काम तरी माझं. दोन्ही हात वर करून मी खुणा करायला लागलो. ये, ये, डावीकडे, अजून डावीकडे. गाडी उजवीकडे वळली. मी ओरडलो. ती थांबली, आणि मग पुन्हा उजवीकडेच आली. तेव्हा मला दिसलं, बाई दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या, बऱ्या हाताची दोन बोटं हलवत होत्या, आणि बायको आरशात त्या बोटांकडे बघत होती. माझ्याकडे एकदाही नाही.

गाडी बरोबर मधोमध लागली. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

"मग तिलाच घेऊन राहायचं होतंस ना इथे!" मी मराठीत ओरडलो. "मला कशाला आणलंस? सामान उचलायला?"

टाळ्या थांबल्या. भाषा कळली नसली तरी सूर सगळ्यांना कळला. बाईंनी तोंड फिरवलं. बायकोने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, खाली उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही.

"या देशात आले तेव्हापासून मी तुझ्या डाव्या हाताला बसलेय," ती म्हणाली. "तुझा व्हिसा, तुझी नोकरी, तू ठरवलेलं गाव, तू चालवलेली गाडी. इथे माझ्या फिजिओच्या परीक्षा पुन्हा दिल्या तेव्हा सेंटरवर पण तूच सोडायला यायचास, आणि मला वाटायचं, किती चांगला आहे. आहेसच. पण मी खिडकीतूनच बघत होते सगळं. एकदा तू बस."

आणि ती बाईंबरोबर नदीकडे निघून गेली.

मी गाडीच्या पायरीवर बसलो. मला राग होता, लाजही होती, आणि सगळ्यात वर तीच जळजळ, की हे वाक्य ती आधी कुणाजवळ तरी बोलून आलीय. असं वाक्य पहिल्या फटक्यात इतकं नीट येत नाही. ते अंगणातल्या फोनवर घासून घासून तयार झालं असणार.

आतून सरांचा आवाज आला. "तुझ्या बायकोवर जळतोस तू."

"नाही," मी म्हणालो.

"मी माझ्या बायकोवर जळायचो." ते चाचपडत दारापर्यंत आले आणि माझ्या मागे उंबऱ्यावर बसले. "ती गावोगावच्या पेशंटकडे जाणारी नर्स होती. चिखल, नदीनाले, काय वाटेल तिथून गाडी काढायची. आम्ही ही घेतली तेव्हा स्टीअरिंग तिनेच घेतलं. मी मागे बसलो आणि आजारी पडलो. थट्टा नाही करत. उलट्या व्हायच्या. डॉक्टरकडे गेलो. त्याला काही सापडलं नाही. सापडणार कसं? नुसता मत्सर होता."

"मग कधी गेला तो?"

"गेला असं कोण म्हणालं?" सर म्हणाले. "आता तिला दिसतं आणि मला दिसत नाही. आता त्यावर जळतो. सकाळी ती खिडकीतून बघून म्हणते, किती छान धुकं आहे. वाटतं, गप्प बस, बये."

मी हसलो. तेही हसले, माझ्या कानाकडे बघत. मग म्हणाले, "चहा करतोस का? त्या दोघी अंधार पडेपर्यंत येत नाहीत. मला अनुभव आहे."

मी चहा केला. मग हात मोकळे होते म्हणून पोहे भिजवले. त्या दोन बर्नरच्या शेगडीवर फोडणी करताना सगळ्या गाडीत मोहरी आणि कढीपत्त्याचा वास भरला आणि सर प्रत्येक गोष्टीला विचारत होते, हे काय तडतडतंय, हे काय टाकलंस. मोहरी का तडतडते ते त्यांनी मला समजावून सांगितलं. आत पाणी असतं, त्याची वाफ होते. मी इतकी वर्षं फोडणी करतोय, मला ते ठाऊक नव्हतं.

दोघी आल्या तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. बायकोचे डोळे लाल होते. मी तिच्या हातात बशी दिली. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," मी म्हणालो. तिने दोन घास खाल्ले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "लिंबू पिळ अजून."

मी पिळलं. बाईंनी दुसऱ्यांदा घेतले.

तिथून परत आल्यावर मी तिला विचारलं, मला शिकवशील का? रविवारी सकाळी पोर्ट केंबलाकडे, स्टीलवर्क्सच्या बाजूला एक मोठं मैदान रिकामं असतं. तिथे ती मला घेऊन जायला लागली. ती फार कडक शिक्षिका आहे. "ढकलू नकोस तिला. थांब. ती सांगते." बाईंचे शब्द, बाईंचाच सूर, माझ्या बायकोच्या तोंडून. ते ऐकताना माझे दात आपोआप आवळले जायचे. पण महिन्या-दोन महिन्यांत ती गाडी मलाही सांगायला लागली, निदान सरळ रस्त्यावर.

आणि सर मला फोन करायला लागले. आधी पोह्यांची कृती विचारायला, मग असंच. कुठे गेलात, काय बघितलं. मीही आता बघून ठेवतो, कारण "झाडं" म्हणून भागत नाही. एकदा अंगणात चकरा मारत मी त्यांच्याशी बोलत होतो, बराच वेळ. आत आलो तर बायको सिंकपाशी उभी होती, ग्लास हातात धरून.

"काय एवढं बोलत होतात?" तिने विचारलं.

"काही नाही. असंच."

"मला नाही सांगणार?"

"झाडांबद्दल," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही, हे मला दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं ॲडलेडला जाऊन आलो. मुलगी आली, फ्रिजमध्ये झोपायला तयार झाली. वाटेत 'हे' नावाचं गाव ओलांडलं की सपाट मैदान लागतं, झाड नाही, वळण नाही, रस्ता नुसता आखल्यासारखा. तिथे बायकोने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "घे तू आता." मी चालवायला लागलो. ती शेजारी बसून झोपी गेली. मागे मुलगीही झोपली. लांबवर शहामृगासारखे एमू पळत होते. समोरून ट्रक आला की गाडी थोडी डगमगायची, मी सावरायचो, आणि पुन्हा सरळ. तास-दीड तास मी ती गाडी एकट्याने चालवली, आणि मला वाटलं, त्या जळण्यातून सुटलो एकदाचा.

पुढे एका गावात पेट्रोल भरायला थांबलो. मुलगी जागी झाली, खिडकीतून बघून आळस देत म्हणाली, "इज मम ड्राइव्हिंग नाउ?"

"बाबा चालवताहेत," बायको म्हणाली.

"ओह." मुलगी म्हणाली. "ओके." आणि तिने सीटचा पट्टा जरा घट्ट केला.

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, पण हसू दाबताना तिचा खांदा हलत होता. मी नळी जागेवर लावली, झाकण बंद केलं. पुन्हा तेच टोचलं, तिथेच. मग दार उघडून चढलो, आरसा माझ्या उंचीला लावला आणि पहिला गिअर टाकला.